तानाक्का मगरीचा उभा फोटो

एका जंगलात सगळं बरं चाललं होतं. मग तिथं प्रिंटर आला.

हसू नका पोरांनो, पुढं ऐका. जंगलात वीज कुठून आली, कागद कुठून आले, असलं मधेच विचारायचं नाही. सिंह बोलतो तेव्हा विचारत नाही तुम्ही, मग विजेचं काय एवढं.

तर त्या जंगलाचे सिंहमहाराज दिवसभर वडाखाली कुशीवर लवंडलेले असायचे. जेवायला उठायचे. शिक्का मारायला तर तेवढंही नाही, पडल्या पडल्या पंजा पुढं करायचे. एकदा जेवण जरा जास्त झालं आणि महाराजांना कल्पना सुचली. राजांना कल्पना जेवल्यावरच सुचतात, उपाशीपोटी सुचतात ती कामं.

कल्पना अशी होती. ज्याची जागा त्याच्या नावावर करायची. बीळ असो, घरटं असो, डोह असो, तिथं पाटी लावायची. पाटीवर मालकाचा फोटो. फोटोत मालक आख्खा दिसला पाहिजे, तोंडापासून शेपटीपर्यंत. ज्याची पाटी नाही त्याची जागा नाही. पहिला पाऊस पडायच्या आत सगळं उरकायचं.

जनावरं खूश झाली. आपण आजवर पाटीशिवायच राहत होतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

या कामासाठी फोटो-छपाई खातं निघालं. खात्याचे साहेब झाले करकोचे. करकोचा पाहिलाय ना? वर मान, खाली पाय, मधे नावापुरता पक्षी. साहेबांचा सगळा थाट उभा राहण्यात. झोपायचे तेही उभ्यानं, एका पायावर.

यंत्र चालतं का ते बघायला साहेबांनी पहिला फोटो स्वतःचा काढून घेतला. उभा कागद सरसर बाहेर आला. त्यात साहेब असे बसले होते की शिंप्यानं माप घेऊन कागद शिवला असावा. चोच वरच्या काठाला, पाय खालच्या काठाला. साहेबांनी तो बराच वेळ पाहिला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग खाली लिहिलं, 'नमुना मंजूर. यापुढे सर्व कागद असेच उभे.'

झालं. एका पक्ष्याला आपला फोटो आवडला आणि जंगलाला नियम लागला.

पहिले काही दिवस कुणाला त्रास झाला नाही. घुबड उभं बसतं, त्याचा फोटो छान आला. ससा मागच्या पायांवर बसला, त्याचाही आला. अस्वल तर मुळातच हौशी, ते दोन पायांवर उभं राहून, एक हात कमरेवर ठेवून आलं. साहेब म्हणाले, बघा, सगळं जंगल कसं कागदात बसतंय.

मग आली तानाक्का.

तानाक्का म्हणजे मगर. नदीच्या वळणावर वाळूचा एक लांब पट्टा होता, तिथं ती राहायची. अंगानं दांडगी, बोलायला कमी. कुणाच्या अध्यातमध्यात नाही, आणि तिच्याही अध्यातमध्यात कुणी गेलेलं नाही. एकदा एक तरस गेलं होतं म्हणतात. त्याला विचारायची सोय नाही.

त्या वाळूत तानाक्कानं अंडी घातली होती. वाळू वरून तापायची, अंडी आत उबायची. पाऊस यायच्या सुमाराला पिल्लं बाहेर पडणार होती.

आणि नेमकी तीच वाळू मुसंडीशेठला हवी होती.

मुसंडीशेठ हा रानडुक्कर. त्याचं डोकं मोठं चालायचं, तोंड त्याहून जास्त. त्याला तिथं चिखल-स्नानाचं केंद्र काढायचं होतं. दमलेल्या जनावरांनी यावं, लोळावं, ताजंतवानं होऊन जावं. वाळूत पाणी सोडायचं, तुडवायचं, की चिखल तयार. अंड्यांचं काय, असं तानाक्काच्या शेजारच्या कासवानं विचारलं तर म्हणाला, पाटी लागली तर जागा तिची, नाही लागली तर माझी, मी कुठं नियमाबाहेर बोलतोय. एवढं बोलून त्यानं वाळूच्या टोकाला खुंट्या ठोकून ठेवल्या.

तानाक्का खुंट्यांकडं बघत छपाई खात्यात गेली.

तिथं यंत्रावर सुंदरा माकडीण बसायची. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्या हातानं बोरं खायची, आणि शेपटीनं फायली उचलायची. काम पक्कं, पण स्वतःहून एक बोट जास्त हलवणार नाही. सरकारी नोकरी होती ना.

फोटो निघाला. तो नदीवर जाऊनच काढला, तानाक्का वाळूवर पसरली होती, मागं नदी, बाजूला कासव. फोटो झकास होता. सुंदरानं छापायला सोडला.

यंत्रातून दोन कागद आले. पहिल्या कागदावर तोंड आणि पुढचे पाय. दुसऱ्यावर मागचे पाय आणि शेपूट. उभ्या पानात मगर मावेना, म्हणून यंत्रानं आपल्या अकलेनं तिची वाटणी केली होती.

साहेबांनी दोन्ही कागद पाहिले आणि म्हणाले, "हे दोन अर्जदार आहेत. पहिलीला शेपूट नाही. दुसरीला तोंड नाही. तोंड नाही तर अर्ज कसा सांगितला हिनं?"

तानाक्कानं कागद शेजारी शेजारी धरून दाखवले. साहेब म्हणाले, एका जनावराला एक पान. दोन पानं दिली तर उद्या हत्ती चार मागेल.

अर्ज नामंजूर. त्या संध्याकाळी शेठच्या खुंट्या थोड्या पुढं सरकल्या.

दुसऱ्यांदा सुंदरानं फोटो लहान केला. आता आख्खी मगर एका पानात मावली. पण वर कोरं, खाली कोरं, आणि मधे बोटाएवढी काहीतरी वळवळ. साहेबांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि फाइल पालींच्या विभागाकडं पाठवून दिली. पालींचा विभाग कामाला चोख. लगेच हुकूम आला की अर्जदार पालीला भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात, दिव्याजवळ, जागा मंजूर. नदीकाठी भिंत नव्हती. तर भिंत बांधून होईपर्यंत अर्जदारानं धीर धरावा, असंही खाली लिहिलं होतं.

खुंट्या आणखी सरकल्या.

तिसऱ्यांदा सुंदरानं फोटो वर-खाली ताणला. पान भरलं खरं. पण तानाक्का अशी दिसायला लागली की म्हैस गिळलेलं अस्वल. पाय खांबासारखे, पाठ डोंगरासारखी. तिच्या शेजारी जन्म काढलेल्या कासवाला फोटो दाखवला. त्यानं नमस्कार केला आणि विचारलं, पाहुण्या कुठल्या गावच्या?

आता तानाक्का चिडली. चिडली म्हणजे ओरडली नाही. ती यंत्रासमोर आडवी पसरली आणि तिथून हललीच नाही. मागं रांग लागली. रांगेतल्यांना तिला ओलांडायचा धीर होईना.

शेवटी सुंदराच म्हणाली, "आक्का, तुमच्यात खोट नाही. पान आडवं करायला पाहिजे. हे बघा बटण. यावर आडव्या पानाचं चित्रच आहे."

"मग दाब की."

"हुकूम उभ्याचा आहे."

"एकदा दाबून दाखव. बाकी मी बघते."

तानाक्का 'मी बघते' म्हणाली आणि तिनं जबडा थोडा उघडला. सुंदरानं बटण दाबलं.

पोरांनो, काय सांगू. आडवं पान आलं, आणि त्यात मगर या टोकापासून त्या टोकापर्यंत, दातासकट, शेपटीच्या शेवटच्या काट्यासकट. वर आभाळ, खाली वाळू, मागं नदी. रांगेतली जनावरं पुढं येऊन बघायला लागली. हरणाला तर फोटो बघूनच घाम फुटला, इतका खरा आला होता.

तेवढ्यात करकोचे साहेब आले. त्यांनी तो फोटो बघितला आणि त्यांचा वरचा पायही खाली आला.

"हा कागद पडलाय," ते म्हणाले.

सुंदरा म्हणाली, पडला नाही साहेब, आडवा आहे.

साहेब म्हणाले, तेच ते. महाराजांपुढं मी आडवा कागद नेऊ? आपण महाराजांपुढं कसे जातो? उभे. मग कागदानं काय लोळत जायचं? शिवाय फायली सगळ्या उभ्या. आडवा कागद फाइलीत घातला की बाहेर डोकावणार. डोकावणारा कागद म्हणजे बेशिस्त. आज मगरीला आडवा दिला तर उद्या घोरपड मागेल, परवा अजगर. आणि अजगराचं पान छापायला घेतलं तर खातं संपेल तरी का कधी?

असं बोलून साहेबांनी तो फोटो सगळ्यांदेखत उभा धरला, आणि मगर तोंड वर, शेपूट खाली करून लटकली. साहेब म्हणाले, आता बघा, कागद उभा केला तर हिचं काय होतंय ते. चूक कुणाची आहे, कळलं?

कागद एकच. धरायचा कसा, एवढाच प्रश्न. पण हे तिथं कुणी बोललं नाही. साहेबांच्या चोचीला धार होती.

तानाक्का तेवढं म्हणाली की पावसाला थोडेच दिवस राहिलेत, माझी अंडी त्या वाळूत आहेत. साहेब काही दुष्ट नव्हते. त्यांनाही वाईट वाटलं. ते म्हणाले, "मग अंडी हलवा ना तिथून. उकरायची, दुसरीकडं ठेवायची. त्यात काय."

आता इथं कान देऊन ऐका. मगरीचं अंडं वाळूत जसं पडलं तसंच राहावं लागतं. उचललं, उलटंपालटं झालं, की आतलं पिल्लू मरतं.

तानाक्का साहेबांकडं बघत म्हणाली, "साहेब, अंडं फिरवता येत नाही. पान येतं. जे फिरतं ते तुम्ही फिरवत नाही, आणि जे फिरत नाही ते मला फिरवायला सांगता."

रांगेत कुणीतरी खोकललं. उत्तर सुचलं नाही की साहेब लोक समिती नेमतात. साहेबांनी समिती नेमली.

समितीत होते दोन बगळे आणि एक कोल्हा. बगळे साहेबांच्या नात्यातले, आणि कोल्हा सगळ्यांच्याच. समितीनं खूप विचार केला. बगळ्यांनी एका पायावर केला, कोल्ह्यानं चारांवर. मग कोल्हा म्हणाला, अडचण साधी आहे. आपल्याकडं उभा कागद आहे. मगरीसाठी आडवा कागद मागवला पाहिजे. तो वेगळा येतो. महाग पडतो, पण येतो. माझ्या पाहण्यातला एक व्यापारी आहे.

व्यापारी कोण, ते मी सांगायला नको.

कोल्ह्यानं काय केलं, खात्याच्याच कोठारातला कागदाचा गठ्ठा उचलला, आडवा ठेवला, वर वेल बांधली, आणि पानावर लिहून लावलं, 'अस्सल आडवा कागद. उभा करू नये. उभा केल्यास जबाबदारी नाही.' बदल्यात मधाचं पोळं घेऊन गेला. मग तो गठ्ठा कोठारातून छपाईच्या खोलीत न्यायचा होता. बगळ्यांनी तो इतक्या जपून नेला की काय सांगावं. दाराशी अडचण झाली. दार अरुंद, गठ्ठा आडवा. जरा तिरका केला असता तर गेला असता, पण तिरका केला आणि उभा झाला तर? त्यांनी दार तोडलं.

गठ्ठा यंत्रात घातला. फोटो छापायला सोडला. बटणाला कुणी हात लावला नव्हता, तो नियमच होता. त्यामुळं पुन्हा दोन पानं आली, एकावर तोंड, एकावर शेपूट.

समितीनं अहवाल दिला की आडवा कागद वाटेत कुठंतरी उभा राहिला असावा.

खुंट्या आता अंड्यांपासून चार पावलांवर आल्या. म्हणजे रानडुकराच्या चार पावलांवर. मगरीच्या तर अर्ध्या शेपटीवर.

तेव्हा साहेबांना तोडगा सुचला, आणि तो सुचल्यावर ते दिवसभर स्वतःवर खूश होते. पान बदलायचं नाही, कागद बदलायचा नाही. जनावरच उभं करायचं. जंगलात 'उभे राहा' वर्ग सुरू झाले. शिकवायला मुंगसे सर. मुंगूस उभं राहतं ना पाठ ताठ करून, इकडं तिकडं बघत? तेवढ्या गुणावर त्यांची नेमणूक झाली.

वर्गाला गर्दी उसळली. जी जी जनावरं लांबीनं जास्त ती सगळी आली. नाग पहिल्याच दिवशी पास झाला. तो आधीपासूनच निम्मा उभा होता, आणि निम्म्यावर भागतं असं सरांनी ठरवलं. मुंगूस नागाला पास करतंय हे जंगलानं पहिल्यांदा पाहिलं. नागानं नंतर त्याबद्दल कधी चर्चा केली नाही. घोरपड कड्याला चिकटली, तिचा फोटो निघाला. अजगरानं सागाला विळखे घातले आणि म्हणाला, हा मी उभा. फोटो चांगला आला, पण फाइल गेली झाडांच्या विभागाकडं, आणि अजगराला पत्र आलं की आपल्याला पानगळीच्या दिवसांत पाने गाळण्याची परवानगी आहे.

राहिली तानाक्का. दोन अस्वलांनी तिला काखेत हात घालून उचललं. सर समोरून सांगत होते, मान ताठ, पोट आत, शेपटीवर भार द्या. तानाक्कानं खरंच प्रयत्न केला. कशासाठी केला ते तुम्हाला माहीत आहे. ती थोडी उभी राहिली, झुलली, आणि सरांवर पडली.

सर बाजूनं बाहेर आले तेव्हा बरेच चपटे झाले होते. पण मास्तर तो मास्तर. म्हणाले, प्रगती आहे.

त्याच दिवशी दुपारी ढग आले. तानाक्का वाळूवर परतली आणि जमिनीला कान लावला. आतून आवाज यायला लागला होता. मगरीची पिल्लं अंडं फुटायच्या आधी आतून हाक मारतात. बारीक आवाज असतो, कुरकुर केल्यासारखा. आईला कळतं की आता उकरायची वेळ आली.

तो आवाज मुसंडीशेठनंही ऐकला. त्याला वाटलं बेडूक आहेत. तो माणसं घेऊन आला होता, म्हणजे डुकरं घेऊन आला होता, आणि म्हणत होता, उद्या सकाळी पाणी सोडू, पाटी लागत नाही आता हिची.

तानाक्का त्याच्याकडं न बघता परत छपाई खात्यात गेली. वाटेत तिनं घोरपडीची नवी पाटी पाहिली. घोरपड पाटीत झोकात उभी होती. प्रत्यक्षात मात्र ती पाटीखाली चारी पाय पसरून पोटावर झोपली होती. तानाक्का तिथं थोडी थांबली.

सुंदरा यंत्र झाकून निघायच्या बेतात होती.

तानाक्कानं विचारलं, "पानाला हात लावायचा नाही, असा हुकूम आहे. बरोबर?"

"बरोबर."

"आणि पानातल्या मला?"

सुंदराचं बोर तोंडातच राहिलं. तिनं हुकूम काढून पुन्हा वाचला. पान उभं हवं, एवढंच होतं. आतल्या जनावराबद्दल अक्षर नव्हतं.

"तुमच्याबद्दल काहीच नाही, आक्का."

"मग पान राहू दे. मला फिरव. तोंड वर, शेपूट खाली."

सुंदरानं फोटो फिरवला. आता आख्खी मगर उभ्या पानात मावली. वरच्या काठाला नाकपुड्या, खालच्या काठाला शेपटीचं टोक. अर्थात तिच्याबरोबर सगळंच फिरलं. नदी खालून वर निघाली होती. वाळू भिंतीसारखी बाजूला उभी होती. आणि कासव त्या भिंतीवर चारी पायांनी चिकटून बसलं होतं, अगदी निवांत.

सुंदरा पान घेऊन साहेबांकडं गेली. साहेबांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्यांची मान आनंदानं दोन बोटं वाढली.

"राहिली," ते म्हणाले. "शेवटी उभी राहिली. मी म्हणत होतो. हे मागं निळं काय आहे?"

"धबधबा, साहेब."

"आणि कासव?"

"तेही वर्गाला येत होतं."

साहेबांना भरून आलं. त्यांनी पान उचललं आणि थेट वडाखाली महाराजांपुढं नेलं. पान अगदी ताठ उभं धरलं. महाराज नेहमीसारखे कुशीवर लवंडले होते. त्यांनी एक डोळा उघडला. आता कुशीवर पडलेल्याला उभी मगर कशी दिसणार? आडवीच दिसणार. महाराजांना नदीकाठी पडलेली एक साधी मगर दिसली.

महाराज म्हणाले, "मगर आहे. यात एवढं काय?" आणि पडल्या पडल्या शिक्का मारला.

सकाळी मुसंडीशेठ पाणी सोडायला आला तेव्हा वाळूवर पाटी घेऊन साहेब स्वतः उभे होते. पाटी त्यांनी आपल्या हातानं, म्हणजे चोचीनं, रोवली. मागं दोन्ही बगळे टाळ्या वाजवायला आणले होते.

शेठनं पाटी पाहिली आणि फिस्सकन हसला. म्हणाला, फोटो खोटा आहे. जन्मात कधी मगर अशी उभी राहते का? आणि नदी अशी आभाळात जाते का? डोळे आहेत की नाहीत तुम्हाला?

खरं सांगू का, या सगळ्या गोष्टीत शेठ एकदाच खरं बोलला, आणि तेही इथं.

पण साहेबांना ते झोंबलं. त्यांच्या वर्गाचा प्रश्न होता. ते म्हणाले, शेठ, ही विद्यार्थिनी आमच्या खात्याची आहे. तिला मुंगसे सरांनी अंगावर घेऊन शिकवलंय. महाराजांचा शिक्का आहे. तुम्हाला शिक्का खोटा म्हणायचंय का?

शेठला तसं म्हणायचं नव्हतं. वडाखालून महाराजांची जांभई ऐकू येत होती. तरी जाता जाता तो म्हणाला, मग उभी राहून दाखवू दे तिला, आत्ता, माझ्यासमोर.

तानाक्का पाण्यातून हळूच वर आली. तोंड पूर्ण उघडलं. म्हणाली, "राहते की. जरा जवळ या, शेठ. धरायला कुणीतरी लागतं."

शेठला एकदम आठवलं की त्याचं दुसरीकडं काम आहे. डुकरं खुंट्या उपटून त्याच्यामागं धावली. एक खुंटी तेवढी राहिली, घाईत.

साहेब गेल्यावर, बगळे टाळ्या वाजवून दमल्यावर, तानाक्कानं वाळू उकरली. पिल्लं बाहेर आली. बोटाबोटाएवढी, ओली, आणि जन्मापासून दात असलेली. तानाक्कानं एकेकाला तोंडात घेतलं आणि पाण्याकडं नेलं. पहिले थेंब तेव्हाच पडायला लागले.

त्यातलं एक पिल्लू आगाऊ होतं. ते पाटीखाली जाऊन वर बघत उभं राहिलं. उभं म्हणजे चार पायांवर, मगर राहते तसं. बघता बघता त्यानं मान वाकडी केली, आणखी वाकडी केली, आणि पाठीवरच पडलं.

"आई, ही कोण? झाडावर का चढली?"

तानाक्कानं पाटीकडं पाहिलं. पिल्लाकडं पाहिलं. मग शेपूट अशी काही फिरवली की पाटी खांबासकट कुशीवर आडवी झाली. मगर आडवी, नदी आडवी, कासव खाली आपल्या जागेवर.

"हां," पिल्लू म्हणालं, "ही तू होय," आणि पाण्यात गेलं.

पुढचं थोडक्यात सांगते, तुमची जेवायची वेळ झाली. उभे राहा वर्गाच्या यशाबद्दल करकोचे साहेबांचा सत्कार झाला, मोरपीस मिळालं. मुंगसे सरांना बढती मिळाली, पण ते मगरीच्या नावानं अजून दचकतात. तानाक्काची पाटी आडवी पडल्याचं खात्याला कळलं, तेव्हा ती उभी करायला बगळे पाठवले. बगळ्यांना पाण्यावर नुसते दोन डोळे दिसले. ते लांबूनच परत आले आणि कागदावर लिहून मोकळे झाले, 'पाटी उभी आहे.' कागद अर्थातच उभा होता.

आणि ते बटण अजून तिथंच आहे. त्यावरचं आडव्या पानाचं चित्र पुसटही झालेलं नाही. कोण हात लावतंय.

तात्पर्य: पोरांनो, तुम्हाला वाटेल की शहाण्यानं पान फिरवावं आणि मोकळं व्हावं. तसं करू नका. पान फिरवणाऱ्याचं एका मिनिटात काम होतं, पण त्याला मोरपीस मिळत नाही. ज्यांना मोठं व्हायचंय त्यांनी पान तसंच ठेवावं आणि बाकीच्यांच्या माना वाकड्या कराव्यात. आणि ज्यांची अंडी वाळूत आहेत त्यांनी खरं-खोटं करत बसू नये. साहेबांना हवा तसा फोटो द्यावा, त्यांच्या सत्काराला टाळ्या वाजवाव्यात, आणि घरी आल्यावर पाटी शेपटीनं आडवी करावी. शेपूट मात्र दांडगी असावी लागते. ती कुठल्याही यंत्रातून छापून मिळत नाही.